सोसायटी, डेअरी, ग्रामपंचायत: सेवा झकास, तक्रारीला जागा नाही

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एसटीच्या थांब्यासमोर एकच लांब इमारत आहे. डाव्या टोकाला ग्रामपंचायत, मधे शेतीकर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचं ऑफिस, त्याला लागून सोसायटीनं चालवायला घेतलेलं रेशन दुकान आणि खताचं गोडाऊन, उजव्या टोकाला दूध डेअरी. रस्त्याच्या अलीकडं माझं झेरॉक्स आणि फॉर्मचं दुकान. गावाचं नाव देत नाही. अशी गावं इकडं आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत आणि पलीकडं साताऱ्यात कराड-खटावपर्यंत पाहिजे तेवढी आहेत, त्यामुळं कुणाला आपलंच वाटलं तर वाटू दे.

हे परीक्षण या इमारतीतल्या सेवेचं. मी सोसायटीची सभासद आहे (मालक गेल्यावर शेअर माझ्या नावावर झाले), दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते, घरपट्टी-पाणीपट्टी ग्रामपंचायतीत भरते आणि रेशनही इथूनच आणते. म्हणजे चारी खिडक्यांची गिऱ्हाईक. शिवाय या खिडक्यांवर लागणारे कागद बहुतेक माझ्या मशीनवरून जातात. वाचायचं नाही म्हटलं तरी कागद काचेवर सरळ ठेवताना डोळा जातोच.

या चारी खिडक्यांच्या मागं माणूस एकच. सोसायटीचे चेअरमन तेच. डिसेंबर २०२२ ला थेट जनतेतून सरपंच निवडून आले, तेही तेच. डेअरीचं चेअरमनपद कागदावर त्यांच्या चुलतभावाकडं आहे, पण खुर्चीवर बसतात हेच आणि दहा दिवसांचं बिल निघताना सही कुठं करायची हे भाऊ यांनाच विचारतो. गावात त्यांना सगळे चेअरमन म्हणतात. सरपंच म्हणून हाक मारली तर ते पटकन वळूनही बघत नाहीत.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

सकाळी सहाला ते डेअरीवर असतात. नवाच्या सुमाराला सोसायटीत, अकरानंतर पंचायतीत. कापडी पिशवीत शिक्के, शाईचा पॅड आणि चष्म्याचं घर. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली की आमच्याकडं सगळ्यांनाच एकदम पैसा लागतो. एप्रिलची खरड छाटणी असो नाहीतर ऑक्टोबरची फळछाटणी, मजूर रोख मागतो आणि औषधवाला उधारीचं तोंड वाकडं करतो. तेव्हा सोसायटीचा कर्जमागणीचा अर्ज, क.म. पत्रक (कर्जाच्या कमाल मर्यादेचं), जुन्या कर्जाची बेबाकी म्हणजे फेडल्याचा दाखला, सगळं चेअरमन उभ्याउभ्या मार्गी लावतात. सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्या गटसचिवाकडं आणखी दुसऱ्या सोसायटीचा चार्ज आहे, तो आठवड्यातले ठरावीक दिवसच येतो. पण चेअरमननी फोन केला की येतो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही, एक दिवस चुकला तर सवलत गेली. म्हणून मुदतीच्या आधी ते पोरगं मोटरसायकलवर घरोघर पाठवतात. माझ्या माहेरी, जतकडं, असं कोणी सांगायला येत नाही. तिथं थकबाकीदारांची यादी बोर्डावर लागली की कळतं.

पंचायतीतही तसंच. नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा, उतारा हवा असेल तर दुसऱ्या गावात ग्रामपंचायत अधिकारी कुठल्या गावाला गेलेत इथून सुरुवात होते. इथं चेअरमन लॅपटॉपवाल्या पोराला उठवून बसवतात. लोकसेवा हक्काचा बोर्ड भिंतीला आहे, त्यावर दाखल्यांची नावं, फी आणि दिवस लिहिलेत. दिवस संपायच्या आधी दाखला मिळतो. पाणी सोडायची वेळ पाळली जाते. गटार उपसलं जातं. चहा ते स्वतःच्या पैशानं पितात आणि दुसऱ्यालाही पाजतात. पैसे खाल्ल्याचं मी ऐकलेलं नाही. या दुकानात बसून मी बऱ्याच जणांबद्दल बरंच ऐकलेलं आहे.

सेवा म्हणून एवढ्यावर पाचपैकी पाच द्यायला हरकत नव्हती. आता पुढचं.

शेजारच्या आत्तीचं अंत्योदय कार्ड आहे. अंत्योदयला महिन्याला कार्डामागं ३५ किलो धान्य, २०२३ पासून तेही मोफत. आत्तीला अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती आली ३५ किलोची आणि पिशवीत आलं त्यापेक्षा कमी. आत्तीला वाचता येत नाही, पण पन्नास वर्षं तिनं लोकांच्या खळ्यावर धान्य मापलंय, पिशवी उचलल्याबरोबर तिला कळलं. ती सरळ माझ्याकडं आली. त्या मशीनची पावती चार-सहा महिन्यांत पांढरी पडते, म्हणून लोक माझ्याकडून झेरॉक्स काढून ठेवतात. मी पावतीची झेरॉक्स काढली, किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवी ठेवली. तीन किलो कमी भरली.

आता तक्रार कुठं करायची? पहिली पायरी म्हणजे गावची दक्षता समिती. रेशन दुकानदार माप नीट देतो का, धान्य वेळेवर येतं का, हे बघायला ती असते, आणि तिचा अध्यक्ष सरपंच. आमच्याकडं दुकानदार म्हणजे सोसायटी. सोसायटीचा चेअरमन म्हणजे सरपंच. मी अर्ज लिहायला घेतला तर वरती ‘प्रति, मा. अध्यक्ष, दक्षता समिती’ आणि खाली विषयात ज्यांच्या दुकानाविरुद्ध तक्रार ते एकच गृहस्थ. तरी लिहिला. आत्तीचा अंगठा घेतला आणि घेऊन गेले.

चेअरमननी अर्ज शेवटपर्यंत वाचला, मला परत दिला आणि म्हणाले, “वहिनी, लिवताय कशाला? मला सांगायचं की.” मग उठले, मधल्या दारातून रेशन दुकानात गेले, सेल्समनला आईमाईवरून बोलले आणि संध्याकाळच्या आत आत्तीच्या घरी तीन किलो गहू पोचला. वर आणखी एक किलो.

एवढं झाल्यावर काय म्हणणार? आत्तीच्या मते तर गोष्ट मिटलीच. ती अजून चेअरमनला आशीर्वाद देते. मला मात्र झोप लागली नाही, कारण तो अर्ज माझ्या हातातच राहिला होता. आवक-जावक रजिस्टरला नोंद नाही. समितीची बैठक नाही, प्रोसिडिंग नाही. आत्तीला तीन किलो कमी, तर बाकीच्या कार्डवाल्यांना किती? त्या महिन्यात किती कट्टे आले, किती उतरले? सेल्समन तोच आहे, काटा तोच आहे. दक्षता समितीच्या अध्यक्षानं हे सगळं दुकानाच्या चेअरमनला विचारायला हवं होतं. विचारलं असेलही, मनातल्या मनात. उत्तरही दिलं असेल.

दुकान सोसायटीचं आणि समिती सरपंचाची, ही रचना ज्यानं केली त्यानं दोन वेगळी माणसं गृहीत धरली होती. एकानं वाटायचं, दुसऱ्यानं बघायचं. वाईट माणूस आला तर ही रचना मोडणार हे कुणालाही दिसतं. चांगला माणूस दोन्ही ठिकाणी बसला की ती आणखी नीट मोडते. कारण तक्रार लगेच मिटते, आणि मिटलेल्या तक्रारीचा कागद कुणी मागत नाही.

दुसरा किस्सा माझा स्वतःचा. फेब्रुवारीतल्या दुधाच्या बिलातून घरपट्टी वळती झाली. दहा दिवसांचं बिल हातात आलं, त्यात पशुखाद्याची कपात होती ती बरोबर, मिनरल मिक्श्चरचे पैसे बरोबर, आणि खाली पेनानं ‘ग्रा.पं.’ असं लिहून एक रक्कम. मार्चअखेर भरायची म्हणून मी ठेवली होती, थकलेली नव्हती. डेअरीच्या पोराला विचारलं तर म्हणाला, “काकू, सगळ्यांचीच कापल्या. शंभर टक्के वसुली दाखवायची हाय.” चेअरमनना विचारलं तर हसले. “भरायची तर हुतीच की वहिनी. तुमचा हेलपाटा वाचला.”

हेलपाटा कसला, रस्ता ओलांडला की पंचायत. पण मुद्दा तो नाही. ग्रामपंचायतीला कर वसूल करायचा असेल तर कायद्यात वाट आहे. आधी बिल द्यायचं, मग मागणीचं लेखी बजवायचं, तरी भरला नाही तर जप्तीपर्यंत जाता येतं. कलम १२९. प्रत्येक पायरीवर माणसाला म्हणायला जागा आहे की बाबा, आकारणी चुकली आहे, माझं पत्र्याचं शेड तुम्ही आरसीसी धरलंय. दुधाच्या बिलात ती जागा नाही. तिथं म्हैस दूध देते आणि पैसे आपोआप जातात. दूध संस्थेला माझ्या घरपट्टीशी काय देणंघेणं? काहीच नाही. दोन्ही वह्या एका टेबलावर आल्या म्हणून हे सुचलं.

बायकांनी मला विचारलं, एवढं मनाला का लावून घेतेस. एका कोपऱ्यावरच्या वहिनी तर म्हणाल्या, बरं झालं, नवऱ्याच्या हातात पैसा जायच्या आत कर भरला गेला. त्यांचंही खोटं नाही.

पण विचार करा. माझ्या म्हशींनी या आठवड्यात किती फॅट दिली, त्याचे किती पैसे झाले, सोसायटीचं माझ्यावर किती कर्ज आहे, घराचं मोजमाप किती, महिन्याला किती धान्य नेते, हे सगळं एका माणसाला तोंडपाठ आहे. बँकेच्या मॅनेजरलाही माझ्याबद्दल एवढं ठाऊक नसेल. आणि तोच माणूस पाच वर्षांनी दारात येऊन हात जोडतो. तो धमकी देत नाही. आजवर दिलेली नाही, पुढंही देणार नाही असं मला वाटतं. पण त्याच्याविरुद्ध उभं राहायचं म्हटलं की माणूस आधी आपली थकबाकी आठवतो. मागच्या वेळी एका पोरानं सरपंचाचा फॉर्म आणला होता, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढल्या, आणि छाननीच्या आधीच ‘काकू, राहू दे’ म्हणाला. त्याच्या वडिलांचं कर्ज नवं-जुनं व्हायचं होतं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायचं होतं. कुणी काही बोललं नव्हतं. बोलायची गरज पडली नाही.

आता भाडेकराराचं. सोसायटीचं खताचं गोडाऊन हा पंचायतीचा गाळा आहे. त्याच्या भाडेकराराची मुदत संपली तेव्हा नवा करार माझ्याकडं टाईपला आला. लिहून देणार: ग्रामपंचायत, तर्फे सरपंच. लिहून घेणार: विकास सोसायटी, तर्फे चेअरमन. दोन्हीकडं एकच नाव, एकच वय, एकच पत्ता. भाडं जुनंच. मी पोराला म्हटलं, चेअरमनना विचार, दोन्ही सह्या एकाच पेनानं करणार का. निरोप पोचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी मसुदा दुरुस्त होऊन आला. सोसायटीतर्फे आता व्हाईस चेअरमनचं नाव. भाडं तेच राहिलं.

पंचायतीनं म्हणायला हवं होतं, शेजारच्या गाळ्याला किराणावाला एवढं देतो, तुम्हीही द्या. सोसायटीनं म्हणायला हवं होतं, आमचा नफा केवढा, जरा कमी करा. त्या घासाघिशीतून जो आकडा आला असता तो गावाचा आकडा. इथं घासाघीस करायला समोर कोणीच नव्हतं. फायदा चेअरमनच्या खिशात गेला नाही, हे मान्य. सोसायटीचे सभासद बरेचसे गावातलेच. पण सगळे गावकरी सभासद नाहीत. भूमिहीनांना सोसायटीचं कर्ज नाही आणि खतही नाही, पंचायतीच्या गाळ्याचं भाडं बुडालं तर त्यांच्या गल्लीतला दिवा मात्र बंद राहतो.

कायद्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते मशीनवरून गेलेल्या अपात्रतेच्या अर्जांमुळं. ग्रामपंचायत निवडणुका झाल्या की पुढची दोन वर्षं असे अर्ज येतच राहतात. जिल्हाधिकाऱ्यांकडं चालतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४. सरकारी जागेवर अतिक्रमण केलं तर ज-३. बारा सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ज-१. घरात संडास नाही, पद गेलं. घरपट्टीचं बिल मिळून तीन महिन्यांत भरलं नाही, पद गेलं. पंचायतीच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असला तर १४(१)(ग). हे शेवटचं वाचून मला वाटलं सापडलं. तर खाली स्पष्टीकरण: नोंदणीकृत संस्थेत नुसता हिस्सा आहे म्हणून कुणी अपात्र होत नाही. त्याला कारणही आहे म्हणा, नाहीतर सोसायटीचा प्रत्येक सभासद पंचायतीतून बाद झाला असता.

म्हणजे कायदा सरपंचाची मुलं मोजतो, संडास बघतो, अतिक्रमणाची फुटं मोजतो. खुर्च्यांचं तेवढं कडक नाही. अगदीच मोकळं सोडलंय असं नाही. जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीवर थेट निवडून गेलेल्याला ग्रामपंचायतीत राहता येत नाही. सहकार कायद्याच्या ७३अ कलमात अध्यक्षपदांवर मर्यादा आहे, पण ती सहकारी संस्था एकमेकींत मोजते. सरपंचपद ही सहकारी संस्था नव्हे, ते त्या हिशेबात येतच नाही. दोन कायदे दोन खात्यांचे, आणि आमचे चेअरमन बरोबर दोन्हींच्या मधल्या बोळात उभे आहेत. नियमानं, हे लक्षात घ्या. बेकायदा काही नाही.

वरच्या पातळीवर हा विचार बराच आधी झालेला आहे. खासदार आणि आमदार एकाच वेळी राहता येत नाही. १९५० च्या नियमाप्रमाणं १४ दिवसांत आमदारकी सोडली नाही तर खासदारकी जाते. २००६ साली जया बच्चन यांची राज्यसभेची जागा गेली, कारण त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. पगार घेतला नाही, हा बचाव सुप्रीम कोर्टात टिकला नाही. पद लाभाचं आहे की नाही हे बघायचं, लाभ उचलला की नाही ते नाही, असं कोर्टानं धरलं. आमचे चेअरमनही अभिमानानं सांगतात, “मी सोसायटीचा भत्ता घेत न्हाई.” भत्त्यासाठी हे कुणी करत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. दोन हजारांच्या आतल्या गावात सरपंचाचं मानधन २०२४ च्या वाढीनंतर महिना सहा हजार. एवढ्यात त्यांचं पेट्रोलही भागत नसेल.

मग खुर्च्या कशाला लागतात? ठरावाला. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी गटात शेतकरी मत देत नाही. सोसायटी ठराव करते आणि ठरावात ज्याचं नाव तो मत देतो. एका तालुक्यात अशी मतं मोजकीच. २०२१ ला सातारा जिल्हा बँकेच्या निवडणुकीत तेव्हाचे गृहराज्यमंत्री शंभूराज देसाई पाटणच्या सोसायटी गटातून पडले आणि जावळीत शशिकांत शिंदे एका मतानं पडले. मंत्री-आमदार जिथं एकेका मतावर पडतात, तिथं एका ठरावाची किंमत काय असेल ते तुम्हीच ठरवा. बाजार समितीचंही तसंच. १८ संचालकांपैकी ११ सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांवर आणि ४ ग्रामपंचायत सदस्यांच्या मतांवर. ज्या माणसाच्या शब्दाला सोसायटी आणि पंचायत दोन्हीकडं वजन, त्याच्या दारात तासगावची गाडी थांबते. आमच्याकडं रस्त्याचं डांबर त्यामुळंच आलं, हेही खरं. गावाला फायदा होतो म्हणून गाव गप्प बसतं, आणि गाव गप्प बसतं म्हणून खुर्च्या वाढतात.

“दुसरा कोण हाय?” हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. त्याला उत्तर द्यायला पाहिजे. आमची शिकलेली पोरं पुण्याला, चाकणला. जी राहिली ती द्राक्षात अडकलेली, द्राक्षावर डाऊनी रोग आला की चार-चार दिवस रानातून वर येत नाहीत. आणि या भागात एका माणसानं सगळं अंगावर घ्यायची रीत जुनी आहे. सांगली जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, त्याच्या आधी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारनं याच पट्ट्यात गावोगावी न्यायनिवाडे चालवले होते. त्यातून पुढं आलेल्या माणसांनी शाळा काढल्या, सोसायट्या उभ्या केल्या, पाण्याच्या योजना ओढल्या. तेव्हा गावात हिशेब येणारी माणसं दोन-तीन, सगळ्या वह्या त्यांच्याकडंच जाणार. आमच्या चेअरमनचे वडील त्यातलेच एक. पण तेव्हा गावात लिहायला येणारं दुसरं कोणी नव्हतं. आता बचत गटाच्या बायका लाखांचे हिशेब पैशापैशाला जुळवतात. दुसरा कोण आहे, असं विचारणाऱ्यानं रस्ता ओलांडून गटाचं रजिस्टर बघावं.

एक गोष्ट चेअरमनच्या बाजूनं लिहिलीच पाहिजे. तंटामुक्त समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडंच होतं. ही मोहीम २००७ ला आर. आर. आबा (पाटील) गृहमंत्री असताना सुरू झाली, आणि आबांचं गाव अंजनी आमच्याच तालुक्यात, त्यामुळं इकडं त्या समितीचा मान मोठा. मागच्या ग्रामसभेत एका म्हाताऱ्या गुरुजींनी उठून विचारलं, की चेअरमन, तंटा तुमच्या सोसायटीशीच असला तर तो तुमच्यापुढंच आणायचा का? सभा हसली. सभा कसली, कोरमअभावी तहकूब होऊन पुन्हा बोलावलेली, माणसं तीस-पस्तीस. चेअरमन लाल झाले, पण त्याच सभेत ते पद त्यांनी सोडलं आणि गुरुजींनाच घ्यायला लावलं. म्हणजे सांगितलं तर ऐकणारा माणूस आहे. सांगणारा मात्र दोन वर्षांतून एकदा उठतो.

आता गुण.

डेअरी: पाचपैकी साडेतीन. माप चोख, पावती छापील, बिल दहाव्या दिवशी म्हणजे दहाव्याच. दीड गुण घरपट्टीच्या कपातीचे गेले. संमतीपत्र घेऊन कापा, एक गुण परत देते.

सोसायटीचं कर्ज आणि खत: चार. युरियाबरोबर दुसरं काही गळ्यात मारत नाहीत, हे आजकाल मोठं.

ग्रामपंचायत: दाखल्यांना पाच, ग्रामसभेला एक. नोटीस लागते ती डेअरीच्या बोर्डावर दुधाच्या दरपत्रकाखाली.

रेशन: दीड. धान्याचा दर्जा बरा आहे. पण जिथं दुकानदार आणि दक्षता समितीचा अध्यक्ष एकाच पिशवीतून शिक्का काढतात, तिथं धान्य कितीही स्वच्छ असलं तरी त्याहून जास्त देता येत नाही. दक्षता समिती सरपंचाकडंच राहणार, ते सरकारी आहे. सोसायटीचं चेअरमनपद तसं नाही. संचालक मंडळात ठराव करून ते उद्या दुसऱ्याला देता येतं आणि त्यात चेअरमनचं काहीही अडत नाही, जिल्हा बँकेच्या ठरावाशिवाय.

नव्यानं गावात आलेल्यांसाठी. दाखला हवा असेल तर अकरानंतर जा, गटसचिवाचं काम असेल तर आधी चेअरमनना फोन करून दिवस विचारा. खत घ्यायचं असेल तर आधार कार्ड आणि सुट्टे पैसे न्या. दुधाचं बिल हातात पडल्यावर खाली पेनानं काय लिहिलंय ते तिथंच उभं राहून वाचा. आणि रेशनची तक्रार असेल तर इमारतीत जाऊ नका, कारण तिथं ती लगेच मिटेल. थेट तासगावला तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत जा. अर्ज दोन प्रतीत करा, मशीनच्या पावतीची झेरॉक्स जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जेवणाच्या वेळेच्या आधी पोचायचं असेल तर सकाळची पहिली एसटी धरा. झेरॉक्स माझ्याकडं दोन रुपये पान, अर्ज लिहून हवा असेल तर त्याचे वेगळे.